एका रेषेतल्या पाती

गहू कापणीला आला त्याच आठवड्यात अवेळी पाऊस झाला आणि उतारावरचं सगळं पीक आडवं झालं. आडव्या पिकात यंत्र घातलं तर निम्म्या ओंब्या ते जमिनीवरच सोडून जातं. म्हणून मालकाला बायकांच्या टोळीची आठवण झाली. निरोप मोठ्याबाईंच्या नावाने आला. पण महिन्यापूर्वीच मोठ्याबाई टोळीची मुकादमी सुनेच्या हवाली करून मोकळ्या झाल्या होत्या.

मोकळ्या म्हणजे नावापुरत्याच. बावीस वर्षं त्यांनी अकरा बायकांची टोळी चालवली. कुणाला कुठं उभं करायचं, कुणाला कधी पाणी प्यायला सोडायचं, कुणाच्या नवऱ्याला दम भरायचा, सगळं त्याच बघत. मग डावा गुडघा भरून यायला लागला आणि एका सकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या त्यांनी सुनेला सांगून टाकलं, "पुढची पात आता तू धर."

पात म्हणजे कापणाऱ्या प्रत्येकीच्या वाट्याचा उभा पट्टा. पहिली पात मुकादमिणीची. तिने चार पावलं पुढे राहायचं आणि बाकीच्यांनी तिच्या मागोमाग कापत यायचं, अशी या टोळीची रीत होती. मोठ्याबाईंनी पहिली पात सोडली खरी, पण विळा काही सोडला नाही. बांधाकडची शेवटची पात त्यांनी घेतली. "घरी बसून काय भिंतींशी बोलू?" असं त्यांनी विचारलं, आणि त्यावर उत्तर द्यायची कुणाची छाती नव्हती.

मालक बांधावर उभा राहून सुनेशी बोलला. बोलताना नजर मात्र मोठ्याबाईंकडे होती.

"चौथ्या दिवशी संध्याकाळपर्यंत झालं तर झालं," तो म्हणाला. "पाचव्या दिवशी शेजारच्या शेतावर यंत्र येतंय. मग मी त्यालाच इकडे वळवणार. निम्मं तर निम्मं. वर आभाळ बघताय ना? अजून एक पाऊस झाला तर ओंबीतच कोंब फुटतील."

"होईल चार दिवसांत," सून म्हणाली.

"नाही झालं तर पुढच्या वर्षीपासून मला टोळीची भानगड नको. सांगून ठेवतो."

सुनेने मान हलवली. आजूबाजूच्या बहुतेक शेतांवर यंत्रं आलीच होती. हे शेत हातचं गेलं असतं तर टोळीला टोळी म्हणण्यासारखं काही उरलं नसतं. हे तिला ठाऊक होतं आणि मागे उभ्या असलेल्या दहाजणींनाही ठाऊक होतं.

सून हाताची तेज होती. पहिल्या दिवशी ती जीव तोडून कापत सुटली. आडवा गहू कापणं म्हणजे काय ते कंबरेलाच कळतं. डाव्या हाताने काड्या उचलून गोळा करायच्या, मुठीत आवळायच्या, मग विळा मुळाशी घालायचा. ओल्या मातीत टाचा रुतत होत्या. मनगटांवर ओंब्यांची कुसळं घासून लाल रेघा उठल्या. मागे तिचा नवरा पेंढ्या बांधत होता. तो टोळीत एकटाच पुरुष, म्हणून बायका त्याला 'जावई' म्हणत. तो काही त्यांच्यापैकी कुणाचा जावई नव्हता, पण चिडतही नसे.

दुपारी सुनेने पाठ सरळ करून मागे पाहिलं तर बायका कितीतरी लांब होत्या.

"काय गं, हातात विळे आहेत की लाटणी?" ती ओरडली.

कुणी हसलं नाही. एरवी अशा बोलण्यावर भिंगरीने लगेच काहीतरी उलट ठेवून दिलं असतं. भिंगरी टोळीतली सगळ्यात चपळ बाई. तिचा विळा चालायला लागला की दिसत नसे, म्हणून ते नाव. पण त्या दिवशी भिंगरीही खाली मान घालून कापत राहिली. संध्याकाळी पाहिलं तर चौथा हिस्सा व्हायला हवा होता, तिथं जेमतेम सहावा झाला होता.

घरी आल्यावर सुनेने सासूपुढे गरम पाण्याचं घमेलं ठेवलं. मोठ्याबाईंनी गुडघा उघडा केला. वाटीएवढा सुजला होता. फडकं पाण्यात बुडवून, पिळून त्या शेकत राहिल्या.

"आई, बायका हात चालवत नाहीत," सून म्हणाली.

"मुकादम नवी असली की बघतातच खेचून."

"मला काही कळेना. मी एवढी पुढे पळते तरी..."

"पळून काय होतंय? त्या तुला पाण्यात बघतात." मोठ्याबाईंनी फडकं पुन्हा पिळलं. "मी तर शेवटच्या पातीवर असते. या गुडघ्यानिशी मी त्यांच्या बरोबरीने येते. मग त्यांना काय धाड भरलीय? एक सांगू? भिंगरी मागे राहतेय. जिला पळता येतं आणि जी पळत नाही, ती मुद्दाम करते. तिला काढ. सगळ्यांच्या देखत काढ. बाकीच्या आपोआप चालतील."

"तिला काढू? सगळ्यात तेज तीच आहे."

"म्हणूनच तर," मोठ्याबाई म्हणाल्या. "मी दोनदा काढलंय असं. दोन्ही वेळा टोळी सुधारली."

सुनेला ते फारसं पटलं नाही. पण बावीस वर्षांपुढे तिचा एक महिना तो काय.

दुसऱ्या दिवशी तिने आणखी जोर लावला. सकाळभर शिव्या घातल्या, विनवण्या केल्या, एकदा तर रागाच्या भरात स्वतःची पात सोडून येऊन एकीच्या हातातली मूठच ओढली. ती बाई बाकीच्या दिवसांत शिवणकाम करायची, तिला सगळे शिंपीण म्हणत. शिंपीण नुसती बघत राहिली. तिच्या त्या बघण्यात राग नव्हता, कीव होती, आणि तीच सुनेला झोंबली. उन्हं डोक्यावर आली तरी तोच प्रकार. भिंगरी विळा कमरेला लावून डोक्याचं फडकं सोडून परत बांधत होती. सकाळपासून तिसऱ्यांदा.

सून तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"विळा खाली ठेव."

"का?"

"का ते तुला माहितीय. टोळीला तुझी गरज नाही. घरी जा."

सगळे विळे थांबले. भिंगरीने आधी सुनेकडे पाहिलं, मग पातींच्या शेवटाकडे, जिथं मोठ्याबाई एका गुडघ्यावर भार देऊन वाकल्या होत्या. बाकीच्या बायकांनीही तिकडेच पाहिलं. भिंगरीने फडक्याची गाठ मारली. विळा पेंढीवर ठेवला, पाण्याची बाटली उचलली आणि ती बांधावरून चालायला लागली. शेत लांब होतं. ती दिसेनाशी होईपर्यंत सगळ्यांना तिची पाठ बघावी लागली.

त्या दुपारी टोळी जरासुद्धा सुधारली नाही. उलट एक पात कमी झाली. जेवताना सून थोडी लांब एकटीच बसली. आपण काहीतरी वाईट केलंय हे तिला आतून कळत होतं. नेमकं काय ते मात्र कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पश्चिमेकडे ढग भरून आले. नवरा पेंढी बांधता बांधता तिच्याजवळ आला. तो घुम्या माणूस. सकाळी सांगायची गोष्ट त्याला दुपारपर्यंत सांगता येत नसे.

"अगं, जरा मागे येऊन बघ."

"काय बघू? मला पुढचं दिसतंय तेवढं पुरे आहे."

"तेच म्हणतोय. तू कायम पुढे, खाली मान घालून. मी तीन दिवस मागून बघतोय." त्याने पेंढीभोवतीचा काड्यांचा आळा आवळला. "दहा बायकांच्या पाती कधी सारख्या असतात का? कुणी दोन हात पुढे, कुणी दोन हात मागे, असंच असतं ना? इथं सगळ्या एका रेषेत आहेत. दोरी धरल्यागत."

"मग?"

"मग काय, मला काय कळतंय. तू बघ."

तिने विळा पेंढीत खोचला आणि बांधावर चढली. मुकादमीण कामाच्या वेळी बांधावर उभी राहते हे या टोळीत कधी घडलं नव्हतं. मोठ्याबाई म्हणायच्या, बांधावर मालक उभा राहतो, आपण पातीत. त्यामुळे तिथं उभं राहताना सुनेला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

वरून पाहिलं तर रेष खरंच सरळ होती. ती बघत राहिली. शिंपीण सपासप सहा मुठी कापून गेली आणि थांबली. उगाच काडी उचलून दात कोरायला लागली. तिच्या शेजारचीने विळ्याला चिकटलेला चिखल पुसला, आधीच पुसलेला. तिसरी खोकली. खोकता खोकता तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून शेवटच्या पातीकडे पाहिलं. तिथं मोठ्याबाई दुखरा पाय मागे ओढत, एकेका मुठीला थांबून श्वास घेत पुढे येत होत्या. त्या रेषेत पोचल्या, आणि पोचल्याबरोबर नऊच्या नऊ विळे पुन्हा चालू झाले. मोठ्याबाईंनी मान वर करून बाजूला पाहिलं. सगळ्या आपल्या बरोबरीनेच आहेत असं त्यांना दिसलं. त्यांच्या घामेजल्या चेहऱ्यावर समाधान होतं.

सुनेला मागचा हंगाम आठवला. तेव्हा मोठ्याबाई पहिल्या पातीवर होत्या, आणि ती स्वतःसुद्धा त्यांच्या पुढे जाऊ नये म्हणून हात आवरूनच कापत होती. सगळी टोळीच मागे असायची, म्हणून कुणाला काही दिसलं नाही. मालकांना टोळी मंदावलेली दिसली असणार. त्यांनी यंत्रं आणली.

भिंगरी एका वाक्यात सांगू शकली असती. तिने सांगितलं नाही, आणि आपण तिला हाकललं.

सून खाली उतरली. मोठ्याबाईंच्या पातीपाशी गेली आणि उकिडवी बसली. ही गोष्ट घरी नेऊन, दार लावून सांगता आली असती. पण घरी न्यायचं तर आणखी एक दिवस घालवावा लागला असता. तेवढा दिवस तिच्याकडे नव्हता.

"आई, विळा ठेवा."

"का? पाणी प्यायचंय का तुला?"

"नाही. तुम्ही ठेवा." ती म्हणाली. "बायका हात आखडत नाहीत. तुमच्यासाठी थांबतायत. तुम्ही मागे पडू नये म्हणून."

मोठ्याबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं. मग पलीकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली गेल्या होत्या.

"शिंपिणी," त्यांनी हाक मारली. "ही म्हणते ते खरं?"

शिंपीण विळ्याचा चिखल पुसायला लागली.

"मूग गिळून बसू नकोस. खरं आहे का?"

"मोठ्याबाई, तुमच्या पुढे कसं जायचं?" शिंपीण रडवेली झाली. "माझ्या हातात विळा तुम्ही दिलात. मला घराबाहेर काढलं होतं तेव्हा तुम्ही..."

"ते राहू दे. कधीपासून?"

"मागच्या हंगामापासून."

मोठ्याबाईंनी दोन्ही हात मांडीवर टेकवले. वारा सुटला होता आणि कापलेल्या गव्हाचा ओला वास येत होता. मग त्या विळ्याचा आधार घेऊन उठल्या.

"कापा," त्या म्हणाल्या. "थांबायचं नाही कुणी. मला बघू दे."

एकही बाई हलली नाही. सगळ्या सुनेकडे बघायला लागल्या. या शेतात तीन दिवसांत पहिल्यांदाच टोळीने हुकमासाठी तिच्याकडे पाहिलं होतं, आणि तो हुकूम हा असा होता. तिला वाटलं, नको म्हणावं, आईंना हाताला धरून घरी न्यावं.

"कापा," ती म्हणाली. "कापा गं. मागे बघू नका."

विळे चालले. खसखस असा एकच आवाज उठला. रेष मोडली, तिरकी झाली. शिंपीण पुढे, तिच्यामागे दोघी, मग बाकीच्या. बघता बघता त्या दहा हात गेल्या, वीस हात गेल्या. नऊजणींपैकी चौघी रडत कापत होत्या, पण हात थांबत नव्हते. मोठ्याबाई कापत होत्या. त्यांनी दात आवळले होते, डोक्यावरचं फडकं घसरून मानेवर आलं होतं, दुखरा पाय मातीत रेघ ओढत होता. सुरुवातीला त्यांनी गाठायचा प्रयत्न केला. चार मुठी भराभर घेतल्या, पाचवीला विळा ओंब्यांत अडकला, आणि त्या हातांवर पडल्या. सून धावली.

"हात लावू नकोस," मोठ्याबाई म्हणाल्या.

सून जागच्या जागी उभी राहिली. नवरा हातात आळा घेऊन उभा होता. आपली आई मातीतून उठायला बघतेय आणि आपण जायचं नाही, हे त्याला सहन होत नव्हतं. त्याने तोंड फिरवलं.

मोठ्याबाई उठल्या आणि पात पुढे कापायला लागल्या. बाकीच्या पलीकडच्या बांधाला पोचून पाणी पिऊन नव्या पाती धरून परत फिरल्या, त्यांच्या बाजूने कापत गेल्या, तरी त्या कापतच होत्या. एकटीची लांबलचक उभी पट्टी, आणि तिच्यात वाकलेली ती बाई. पात संपवूनच त्या थांबल्या. शेवटची मूठ पेंढीवर ठेवली. विळा पुसून मुलाच्या हातात दिला आणि कुणाकडे न बघता घरी निघून गेल्या.

दुपारनंतर सुनेने शिंपिणीला पहिल्या पातीवर उभं केलं आणि ती भिंगरीच्या घरी गेली. भिंगरी दारात बसून फाटलेल्या पोत्याला ठिगळ लावत होती. तिने वर पाहिलं नाही.

"चुकलं माझं," सून म्हणाली. "मला सांगायचं होतंस."

"तुला सांगणं म्हणजे त्यांना सांगणंच की. तू त्यांची सून." भिंगरीने दाताने दोरा तोडला. "मला काढलंस त्याचं एवढं वाईट नाही वाटलं. त्या कापत होत्या आणि त्यांना वाटत होतं तू बरोबर केलंस. त्याचं वाटलं."

"आता त्यांना कळलंय. मीच सांगितलं."

भिंगरीची सुई थांबली. "अरे देवा," ती हळूच म्हणाली.

"उद्या शेवटचा दिवस. येशील?"

"काढताना सगळ्यांच्या देखत काढलंस. बोलवायला मात्र एकटीच आलीस."

ते खरंच होतं.

चौथ्या दिवशी उजाडताच सगळ्या शेतावर जमल्या तेव्हा भिंगरी बांधावर लांब उभी होती. सून सगळ्यांसमोर मोठ्याने बोलली. म्हणाली, परवा मी हिला काढलं ती माझी चूक होती, हिची नव्हती. तिचे कान तापले होते. बोलून झाल्यावर तिने शेतातून पेंढीवर राहिलेला भिंगरीचा विळा आणून दिला. भिंगरीने धार अंगठ्यावर बघितली आणि तोंड वाकडं केलं.

"दोन दिवस दवात ठेवलास. गंजला."

"पहिली पात तू धर," सून म्हणाली.

"आणि तू?"

"मी मागे. कुणाचं अडतंय ते बघते."

त्या दिवशी सून कधी बांधावर होती, कधी पातीत. जिची कंबर धरली तिला तिने पेंढ्या गोळा करायला लावलं आणि तिची पात आपण घेतली. जिथं गहू फार गुंतला होता तिथं दोघी दोघी लावल्या. भिंगरी पुढून टोमणे मारत होती, तिसऱ्या दिवसापासून गप्प असलेली शिंपीणही दुपारी एकदा हसली. मालक संध्याकाळी आला तेव्हा शेवटच्या पेंढ्या ताडपत्रीखाली जात होत्या. त्याने शेताकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, आणि यंत्रवाल्याला फोन करायला बाजूला गेला. थेंब पडायला लागले तेव्हा बायका घराच्या वाटेला लागल्या होत्या.

मोठ्याबाई ओसरीच्या पायरीवर बसल्या होत्या. दिवसभर तिथंच असाव्यात. गुडघ्याला फडकं बांधलेलं होतं. सून अंगणात आली, नवरा पाय धुवायला मागे गेला.

"संपलं?" मोठ्याबाईंनी विचारलं.

"संपलं."

"भिंगरी?"

"आली होती. पहिल्या पातीवर तीच होती."

"आणि तू कुठं होतीस?"

"बांधावर. जास्त वेळ बांधावरच."

मोठ्याबाईंना ते आवडलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसलं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. सून वाट बघत उभी राहिली. तिला रडू येत होतं. या बाईने आपल्याला एवढं दिलं आणि आपण तिला मातीत पडताना बघत उभं राहिलो, हे ती आयुष्यात विसरणार नव्हती. माफी मागायचं तिने वाटेत ठरवलं होतं. पण आता समोर उभं राहिल्यावर तिला कळलं, की माफी मागितली तर आपण केलं ते चूक होतं असं होईल. ते चूक नव्हतं.

पाऊस पत्र्यावर वाजायला लागला. मोठ्याबाईंनी पाय जवळ घेतले.

"मग," त्या म्हणाल्या, "मला काय काम सांगतेस?"

सुनेला आधी वाटलं त्या टोचून बोलतायत. पण त्या तिच्याकडे सरळ बघत होत्या, टोळीतली कुणीही बाई बघेल तशा.

"उद्या घरी थांबायचं. गुडघा शेकायचा," सून म्हणाली. "परवा टेकडीकडच्या शेतावर जायचं, पुढचं काम तिथंच आहे. गहू चावून किती वाळलाय ते बघायचं, कुठला वाफा आधी घ्यायचा ते मला येऊन सांगायचं. विळा न्यायचा नाही."

"सांगतेस की विचारतेस?"



"सांगतेय," ती म्हणाली.

मोठ्याबाईंनी मान डोलावली. भिंतीला धरून त्या उठल्या आणि घमेल्यात पाणी काढायला आत गेल्या.